वाढवण बंदर: डिलिव्हरीच्या आधीच दिलेला रिव्ह्यू

आधीच क्लिअर करतो, हे प्रॉडक्ट अजून बाजारात आलेलं नाही. मी वापरलेलं नाही, तुम्हीही नाही, आणि सगळं ठरल्या वेळेत झालं तरी पहिला टप्पा २०३० च्या आसपास. तरी रिव्ह्यू देतोय, कारण पॅकिंगवरचं वाचून लोक आत्तापासून पाच स्टार नाहीतर एक स्टार देऊन मोकळे झालेत, मधलं कोणी बोलतच नाही.

माझी दोन नाती आहेत या बंदराशी. एक म्हणजे मी उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरात एका सीएचएकडे (म्हणजे कस्टम्सची कामं करून देणारा एजंट) डॉक्युमेंटेशन बघतो, सतरा वर्षं झाली, शिपिंग बिल, कटऑफ, गेट-इन, डब्बा (कंटेनरला आम्ही डब्बाच म्हणतो) लागला का नाही लागला यातच दिवस जातो, म्हणजे हे बंदर ज्यांच्यासाठी बांधतायत त्या गिऱ्हाइकांत मी मोडतो. आणि दुसरं म्हणजे माझं आजोळ वरोरचं, डहाणू तालुक्यात, वाढवणच्या अगदी शेजारचं गाव, मामा अजून बोटीवर जातो. त्यामुळे ऑफिसात मी 'बंदर विरोधी' आणि मामाकडे मी 'बंदरवाला'. दोन्हीकडे चहा मिळतो पण टोमणा मारूनच.

तर आधी प्रॉडक्ट काय आहे ते. डहाणूच्या दक्षिणेला वाढवणजवळ समुद्रात भराव घालून कंटेनर बंदर. ९ कंटेनर टर्मिनल, प्रत्येकी १००० मीटर लांब, शिवाय ४ मल्टिपर्पज धक्के, ४ लिक्विड कार्गोचे, एक रो-रो (गाड्या थेट जहाजात चढवायचा), एक कोस्ट गार्डचा. कंपनी आहे वाढवण पोर्ट प्रोजेक्ट लिमिटेड, त्यात ७४ टक्के जेएनपीए, म्हणजे न्हावा शेवा चालवणारं जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, आणि २६ टक्के महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड. क्षमता वर्षाला २९.८ कोटी टन, त्यात साधारण २.३२ कोटी टीईयू. हा आकडा किती मोठा ते आमच्या लायनीत नसलेल्यांना कळणार नाही म्हणून सांगतो, टीईयू म्हणजे वीस फुटी एक डब्बा, आणि आम्ही न्हावा शेव्याला २०२४-२५ मध्ये सगळे मिळून ७० लाखांच्या वर टीईयू काढले तर पेढे वाटल्यासारखं झालं होतं. हे त्याच्या तिपटीहून जास्त. म्हणजे एक न्हावा शेवा, दुसरं न्हावा शेवा, तिसरं न्हावा शेवा, आणि वर थोडं उरतंय.

किंमत ७६,२२० कोटी. आणि इथे एक गंमत. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली तेव्हा हाच आकडा ६५,५४४ कोटींचा होता, १९ जून २०२४ ला पक्की मंजुरी आली तेव्हा ७६,२२० झाला. समुद्रात एक दगड पडायच्या आधी दहा हजार कोटींच्या वर भाव चढला. हॉटेलात ऑर्डर द्यायच्या आधीच मेन्यूकार्ड बदललं तर आपण उठून जातो, इथे उठून जायची सोय नाही.

आता जे खरंच चांगलं आहे ते मोकळ्या मनाने सांगतो, कारण मामाकडचे हे ऐकूनच घेत नाहीत. या बंदराचा सगळा जीव एका गोष्टीत आहे, पाण्याची खोली. वाढवणला किनाऱ्याच्या बऱ्यापैकी जवळ नैसर्गिक २० मीटर पाणी आहे. न्हावा शेव्याला चॅनल उकरून उकरून आम्ही १५ मीटरपर्यंत आलो, आणि उकरलं म्हणजे संपलं असं नसतं, खाडीचा गाळ येतच राहतो, परत उपसा, परत गाळ, हा खर्च घरच्या गळक्या टाकीसारखा कधी संपत नाही. आजकालची सगळ्यात मोठी जहाजं २४,००० टीईयूची, ४०० मीटर लांब, ६१ मीटर रुंद, भरलेली असली की सोळा मीटरच्या वर पाण्यात बसतात, खाली परत थोडं मोकळं पाणी लागतंच. ती पूर्ण भरून आमच्याकडे येऊ शकत नाहीत. मग काय होतं, ती कोलंबोला थांबतात, सिंगापूरला थांबतात, पोर्ट क्लांगला थांबतात, आणि आपला डब्बा इथून छोट्या फीडर जहाजाने तिकडे जाऊन मोठ्या जहाजाची वाट बघत बसतो. एसटीने तालुक्याला जायचं आणि तिथून लांबची गाडी पकडायची, तसंच, फक्त इथे स्टँडवर बसायचं भाडंही आपणच द्यायचं.

मला याचा अनुभव आहे, चांगला नाही. एका क्लायंटचा माल होता, नाशकाकडचा, रीफर डब्बा म्हणजे थंड ठेवायचा. युरोपला डायरेक्ट सर्व्हिस असतात पण त्या आठवड्यात जागा नव्हती, मग व्हाया मारला, आणि परदेशातल्या एका बंदरात (नाव नको) रोलओव्हर झाला, म्हणजे ठरलेल्या मदर व्हेसलवर, मोठ्या जहाजावर, डब्बा चढलाच नाही, नऊ दिवस तिथल्या प्लगवर. रोज सकाळी मी ट्रॅकिंग उघडायचो आणि तेच, 'डिस्चार्ज्ड, अवेटिंग लोड'. क्लायंट रोज फोन करायचा. नवव्या दिवशी त्याने फोनच केला नाही, त्याची मला जास्त भीती वाटली. तर ज्याने हे भोगलंय तो २० मीटर पाणी ऐकलं की हातातला चहा खाली ठेवतोच. खोलीला माझ्याकडून पाचपैकी पाच, यात हात आखडता घेणार नाही.

ही खोली मी स्वतः मोजलीये बरं का. म्हणजे मामाने मोजली, मी बघितली. गेल्या दिवाळीनंतर गेलो होतो तेव्हा मामाला म्हटलं, मामा, मला तिकडे घेऊन चल जिथे ते बंदर बांधणारेत. तो म्हणाला, तिथे बघायला काय आहे, पाणीच आहे. पण घेऊन गेला. पहाटेची भरती पकडून निघालो, किनाऱ्यावरचे काळे खडक मागे पडले, बराच वेळ आत गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि खालच्या फळीतून एक जुनी दोरी काढली, टोकाला शिशाचा गोळा. सोडली. तळाला लागली तसा त्याच्या हाताला झटका कळला, मला काहीच कळलं नाही. मग ओढायला लागला, दोन्ही हात बाजूला ताणून, एका पंजापासून दुसऱ्या पंजापर्यंत, की एक वाव. ओल्या दोरीचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं आणि तो मोठ्याने मोजत होता, अकराव्या वावेला गोळा वर आला, त्याला तळाचा राखाडी चिखल चिकटलेला. मी मोबाईलवर गुणाकार केला, एक वाव म्हणजे सहा फूट धरली तर अकरा वाव म्हणजे वीस मीटर आणि वर चार बोटं. सल्लागार कंपन्यांनी मशिनं लावून काढलेला आकडा आणि मामाची दोरी, फरक नाही.

मी खूश होऊन हे त्याला सांगितलं. तो दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "मग त्यात नवीन काय शोधलं? आमच्या आजाला पण अकराच होती." आणि मग विचारलं, "तुमच्या त्या रिपोर्टात इथल्या कवी किती धरल्यात?"

कव म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहिती आहे पण ऑफिसात समजावून सांगायला गेलो की घोळ होतो. डोल नावाचं जाळं असतं, मोठ्या पिशवीसारखं, ते ओढत नाहीत, एका जागी बांधून ठेवतात, समुद्राच्या तळात खुंट मारून, आणि भरती-ओहोटीची धार मासळी त्यात आणून टाकते. ती जी खुंट मारायची जागा, ती कव. कोणाची कव कुठे हे गावात प्रत्येकाला पाठ, बापाकडून पोराकडे येते, त्यावरून भांडणं होतात, गावागावांत वाद होतात, मिटतात, परत होतात. पण कागद? कागद नाही. समुद्राला सातबारा नसतो हो.

आणि माझा या प्रॉडक्टवरचा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच आहे. माहितीपत्रकात सगळ्यात ठळक फीचर काय दिलंय, तर बंदर समुद्रात भराव टाकून होणार असल्यामुळे बंदरासाठी गावं उठवावी लागणार नाहीत, जमीन लागेल ती फक्त रस्त्याला आणि रेल्वेला. ऐकायला एक नंबर. माझे ऑफिसातले लोक हेच तोंडावर फेकतात, अरे कोणाचं घर जात नाहीये मग ओरडतायत कशाला. पण जमीन जाते तेव्हा निदान मोजणी होते, नोटीस येते, दर ठरतो, माणूस कोर्टात जाऊन वाढीव मोबदला मागू शकतो. ज्याची कव जाते त्याचं काय मोजणार, त्याचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही. कागदावर विस्थापित कमी दिसतात ते माणसं कमी उठतायत म्हणून नाही, ती मुळात कागदावरच नव्हती म्हणून. भराव किती, तर १,४४८ हेक्टर. एकरात करा, साडेतीन हजारांच्या वर. हे शेत असतं तर किती सातबारे झाले असते याचा हिशोब कुठल्याही तलाठ्याला विचारा. आणि मासेमारी फक्त भरावाच्या जागेवर थांबणार नाही ना, जहाजांचा येण्याजाण्याचा मार्ग असतो, नांगरायची जागा असते, भोवतीने सुरक्षेचा पट्टा असतो, चारशे मीटरचं जहाज काय तुमचं जाळं बघून ब्रेक मारणार आहे का.

अगदीच काही वाट नाही असंही नाही, ते सांगायला पाहिजे. ठाणे खाडीवरच्या वाशीच्या तिसऱ्या पुलाची केस हायकोर्टात गेली होती, त्यात २०२१ मध्ये कोर्टाने मच्छीमारांचा उपजीविकेचा हक्क मानला आणि प्रकल्पांमुळे त्यांचं नुकसान झालं तर भरपाईचं धोरण करा असं राज्याला सांगितलं, मग ते धोरण आलं. म्हणजे दार किलकिलं झालंय. पण त्यातसुद्धा शेवटी सगळं कागदावर येतं, बोटीची नोंदणी, लायसन, मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व. ज्याची बोट आहे तो कुठेतरी सापडेल. माझी एक मावशी आहे, ती ओहोटीला खडकावर जाते, कोयत्याच्या टोकाने कालवं फोडते, टोपली भरली की बाजार. तिच्याकडे बोट नाही, लायसन नाही, सोसायटी नाही. तिच्या धंद्याचा पुरावा म्हणजे तिच्या बोटांवरचे काप. ते कुठल्या फॉर्मच्या कुठल्या रकान्यात भरायचे?

बरं मासळी कसली म्हणाल तर पापलेट, घोळ, दाढा, शेवंड, कोळंबी, बोंबील. पापलेट तर २०२३ मध्ये सरकारनेच राज्यमासा जाहीर केला. मामा त्यावर हसला होता, म्हणे पोराला मानपत्र द्यायचं आणि त्याच्या घरावर रस्ता टाकायचा. मी त्याला म्हटलं वाढवणला सगळी मासळी मरणार असं कोणी सिद्ध केलेलं नाही. तो म्हणाला मरणार नाही रे, ती जाईल दुसरीकडे, तिला पाय आहेत (म्हणजे पर, त्याला पर म्हणायचं होतं), आम्ही कुठे जायचं, पुढच्या गावाच्या कवीवर गेलो तर ते काय ओवाळणार आहेत?

तर परत प्रॉडक्टकडे येतो, भरकटलो.

एक टेक्निकल मुद्दा आहे जो जाहिरातीत नीट येत नाही. खोली फुकट मिळाली, पण आडोसा फुकट मिळालेला नाही. न्हावा शेवा मुंबईच्या बंदराच्या कुशीत आहे, एका बाजूला मुंबई, दुसरीकडे उरण, लाटा आत येईपर्यंत दमतात. तिथे खोली कमी पण पाणी शांत. वाढवणला उलटं, उघडा समुद्र, पावसाळ्यात नैऋत्येचा वारा सुटला की जो काय तांडव असतो तो मी लहानपणी पत्र्याच्या घरातून ऐकलाय. त्यामुळे तिथे १० किलोमीटरच्या वर लांबीची लाटरोधक भिंत बांधायची आहे, १०.१४ किमी. म्हणजे उपशावर वाचवलेला पैसा दगडावर जाणार. तो दगड कुठल्या तरी डोंगरातून येणार, आणि भरावाला लागणारी वाळू दमणच्या समोरच्या समुद्रतळातून उपसून आणायचं ठरलंय. म्हणजे एका ठिकाणचा समुद्र खणायचा आणि दुसऱ्या ठिकाणचा बुजवायचा. इंजिनिअर लोक म्हणतील हे जगभर होतं, होतच असेल, पण मग 'नैसर्गिक बंदर' हा शब्द जरा जपून वापरा एवढंच. नैसर्गिक फक्त तळ आहे, वरचं सगळं आणलेलं.

कनेक्टिव्हिटीला मात्र मी चार स्टार देतो, म्हणजे कागदावरच्या कनेक्टिव्हिटीला. तव्याजवळ राष्ट्रीय महामार्ग ४८ ला जोडणारा ३२ किमीचा रस्ता, आणि १२ किमीची रेल्वेची जोडणी, ती पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाला. हा मार्ग पालघर जिल्ह्यातूनच जातो त्यामुळे उत्तरेकडचा माल मुंबईच्या गर्दीत न शिरता थेट उतरेल, आणि हे खरंच मोठं आहे. न्हावा शेव्याचा अर्धा वैताग समुद्रात नाही, रस्त्यावर आहे. ट्रेलरवाला मध्यरात्री फोन करतो, साहेब लायनीत आहे, दोन तासांनी परत फोन, साहेब अजून लायनीत आहे, कटऑफ सकाळी सहाचा, गेट-इन झालं नाही तर जहाज सोडून जातं आणि शिव्या डॉक्युमेंटेशनला. बंदर वीस मीटर खोल असो का दोनशे, डब्बा गेटपर्यंत पोचला नाही तर त्या खोलीत आम्ही काय पोहणार आहोत? त्यामुळे रस्ता आणि रेल्वे धक्क्याच्या आधी तयार झाले तर चार स्टार, नंतर झाले तर दोन. आमच्या देशात नंतरच होतात असा माझा अनुभव.

प्रॉडक्टची जुनी व्हर्जन पण होती, नवीन पिढीला माहिती नसेल. नव्वदच्या दशकात पी अँड ओ या परदेशी कंपनीला इथे बंदर करायचं होतं, तीच कंपनी जिने पुढे न्हावा शेव्याला पहिलं खासगी टर्मिनल चालवलं. डहाणू तालुका १९९१ लाच केंद्राने पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केलेला, मग सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये साफ सांगितलं की इथे बंदर चालणार नाही. विषय संपला. मामाच्या लग्नाच्या आल्बममध्ये त्याच वर्षीच्या मोर्च्याचे फोटो आहेत, लग्न आणि मोर्चा एकाच रोलमध्ये काढलेला.

धर्माधिकारी साहेब २०१९ च्या जानेवारीत गेले. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना 'लाल', म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या, उद्योगांच्या यादीतून काढून 'बिगर-औद्योगिक' खान्यात टाकलं. हे वाचून मी ऑफिसात मोठ्याने हसलो होतो, खिडकीबाहेर क्रेन, रीच स्टॅकर, ट्रेलरचा धूर, आणि हा म्हणे उद्योगच नाही. मग त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ ला अटी घालून ना हरकत दिली, १९ जानेवारी २०२४ ला पालघरला जनसुनावणी झाली, फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी, एप्रिलमध्ये हायकोर्टाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या, प्रकरण वर सुप्रीम कोर्टात गेलं, जूनमध्ये मंत्रिमंडळ, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पालघरला पायाभरणी. पंचवीस वर्षं अडलेली फाईल एका वर्षात एवढी धावली. आमच्या एका क्लायंटची रिफंडची फाईल अशी धावली असती तर मी नवस फेडायला शंखोदरला गेलो असतो. (शंखोदर म्हणजे तिथलंच समुद्रातलं देवस्थान. ते लाटांत राहणार का भरावात, हाही गावात एक वेगळा वाद.)

नोकऱ्या. घोषणेत १२ लाख रोजगार म्हटलंय, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष. 'अप्रत्यक्ष' हा शब्द फार मोठ्या पोटाचा आहे, त्यात बंदराच्या नाक्यावरचा वडापाववालाही बसतो. मी टर्मिनल रोज बघतो म्हणून सांगतो, यार्डात माणसं दिवसेंदिवस कमी दिसतायत, मशिनं मोठी होतायत, गेटवर जिथे चार जण पावत्या फाडायचे तिथे आता कॅमेरा नंबर वाचतो. स्थानिक पोरांना स्किल ट्रेनिंग देतायत ते चांगलंय, माझा मामेभाऊ पण विचारत होता कुठला कोर्स करू. मी त्याला सांगितलं क्रेन शिक नाहीतर माझ्यासारखं कस्टम्सचं काम शिक, आणि सिक्युरिटी गार्डच्या रांगेत उभा राहू नकोस. पण तो सध्या डायमेकिंग करतो, चिंचणी-वरोरकडे घराघरात हा धंदा आहे, इमिटेशन ज्वेलरीचे साचे कोरायचा, डोळ्याला भिंग लावून पोलादात नथ कोरतो इतकी बारीक की मला भिंगातूनही दिसत नाही. त्याला ट्रेलरच्या गेटपासची खिडकी सांभाळायला सांगायची म्हणजे मला जरा जड गेलं.

आणि लोकांचा विश्वास का बसत नाही याचं कारण शोधायला लांब जायला नको. ज्या कंपनीचं नवीन मॉडेल घ्यायचं तिच्या जुन्या मॉडेलचे रिव्ह्यू आपण बघतोच ना. तर उरणला या. न्हावा शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला, हनुमान कोळीवाडा म्हणून दुसरीकडे वसवला, ती जागा वाळवीची निघाली, घरांची लाकडं पोखरली गेली, आणि नीट पुनर्वसनासाठी ती माणसं चाळीस वर्षं भांडत राहिली. जमिनीसाठी १९८४ ला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचा विषय उभा राहिला. आणि वरोर-वाढवणच्या लोकांना तर उरणपर्यंतही यायची गरज नाही, तारापूर शेजारीच आहे. अणुऊर्जा प्रकल्पासाठी उठवलेल्या अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांचे नातेवाईक यांच्याच घरात सुना म्हणून आलेत. मामीचं माहेर त्यातलंच. तिला ब्रोशरमधला पुनर्वसनाचा परिच्छेद वाचून दाखवला तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "हे मला पाठ आहे, पुढचं वाच."

केरळातलं विळिंजम बघा असं मला एका सरांनी सांगितलं, तेही खोल पाण्याचंच. बघितलं. २ मे २०२५ ला रीतसर उद्घाटन झालं, जूनमध्ये एमएससी इरिना हे जहाज लागलं, २४,३४६ टीईयूचं, सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मी पण ठेवला. धंद्याच्या बाजूने उत्तम चाललंय. पण तिथेही २०२२ मध्ये मच्छीमारांनी काही महिने काम रोखून धरलं होतं, हे त्या सरांच्या स्टेटसमध्ये नव्हतं.

'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' ही घोषणा अजून भिंतींवर आहे. खरं सांगू, मला नाही वाटत आता रद्द होईल. मामालाही नाही वाटत, पण तो ते घरात बोलतो, ओट्यावर बोलत नाही. मी त्याला म्हटलं मग निदान कवींची यादी तरी करून ठेवा, कोणाची कुठे, किती वावेवर, किती पिढ्या, दोन्ही बाजूच्या गावांच्या सह्या घेऊन. मोबाईलवर लोकेशन टाकता येतं, मी एक्सेल बनवून देतो. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, यादी केली म्हणजे द्यायला तयार झालो असा अर्थ होतो. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. एक्सेल मात्र बनवून ठेवलीये, रिकामे रकाने घालून.

तर एकूण रेटिंग. गिऱ्हाईक म्हणून साडेतीन, पैकी खोलीचे पूर्ण मार्क, रस्त्याचे उधारीवर. भाचा म्हणून दीड, आणि तो दीडही त्या ट्रेनिंगच्या कोर्ससाठी. दोन्हीची सरासरी काढू नका, मी ऑफिसात रोज सरासरी काढतो, तिच्यात नेहमी कोणीतरी गायब होतं.

कोणाला प्रत्यक्ष जागा बघायला जायचं असेल तर वाणगावला उतरा, डहाणू रोडपर्यंत जायची गरज नाही, तिथून शेअर रिक्षा चिंचणी-वरोरकडे मिळते. ओहोटीची वेळ बघून जा, तेव्हाच खडक उघडे पडतात आणि कालवंवाल्या बायका दिसतात. बोटीसाठी सोसायटीपाशी विचारा, पावसाळ्यात जाऊ नका, बोटी बंद असतात. आणि हातात फाईल, मोजायची टेप, डोक्यावर हेल्मेट असलं काही घेऊन गावात शिरू नका, ड्रोन तर अजिबात नाही, लोकांना वाटतं सर्व्हेवाले आले आणि दहा मिनिटांत सगळं गाव गोळा होतं. मी ऑफिसची फाईल घेऊन रिक्षातून उतरलो होतो, स्वतःच्या आजोळी, तर एका आजीने हातातली टोपली खाली ठेवून मला विचारलं, कोणाचा तू? मामाचं नाव सांगितल्यावर जाऊ दिलं, पण फाईल उघडून बघितल्यावर.